गोंदाच्या हौदात रघुनाथ

"खटका पाडा! आधी खटका पाडा!" मी ओरडले. ओरडून उपयोग नव्हता, कारण खटक्यापाशी कोणीच नव्हतं. सगळे हौदाच्या काठावर जमून रघुनाथचे हात ओढत होते. रघुनाथ काखेपर्यंत गोंदात होता. त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर ढवळणीचा लोखंडी दांडा उभा होता आणि त्या दांड्याची दोन पाती खाली गोंदात, त्याच्या गुडघ्यांच्या आसपास होती. मोटार बंद होती ती फक्त फ्यूज उडाला म्हणून. वायरमन इमारतीच्या मागच्या मीटरच्या खोलीत नवा फ्यूज बसवत होता. त्याला मीच पाठवलं होतं. भिंतीवरचा मेनचा खटका मात्र तसाच चालू राहिला होता. म्हणजे त्याने तिकडे फ्यूज दाबला की इकडे पाती फिरणार.

मी धावले. लादीवर गोंद सांडला होता, त्यावरून घसरून दोन्ही गुडघ्यांवर आपटले. तशीच सरपटत भिंतीशी गेले आणि खटका खाली ओढला. ओढला, पण हात काढला नाही. आमच्या वायरमनची सवय मला ठाऊक होती. फ्यूज बसवून आला की कोणाला न विचारता खटका वर करून बघायचा.

हे साकीनाक्याच्या एका गाळ्यात घडलं. गिरण्या बंद पडल्या त्यानंतरची गोष्ट आहे. गिरणीतून सुटलेली किती तरी माणसं तेव्हा मिळेल त्या गाळ्यात मिळेल ते काम करत होती. रघुनाथ त्यातलाच, मालवणकडचा, गिरणीत बॉबिनवर होता. मी गिरणीत कधी नव्हते. मी असल्फ्याच्या टेकडीवरून चालत यायचे आणि या गाळ्यात गोंद करायचे. चौथी शिकले आहे. त्या गाळ्यात बॅच कशी लागली हे बघायला मात्र सगळे मलाच बोलवायचे.

गोंद म्हणजे पाकिटं चिकटवायचा नव्हे. कापडावर फुलं छापायची तर रंग पाण्यासारखा पातळ असून चालत नाही, तो पसरतो आणि फुलाचं फतकल होतं. रंगाला अंग लागतं. ते अंग आम्ही बनवायचो. गवारीच्या बियांचं पीठ पोत्यांतून यायचं. आपण भाजी करतो तीच गवार. ते पीठ पाण्यात मुरवायचं, त्यात युरिया आणि आणखी दोनतीन खार विरघळवायचे, आणि तयार झालेला घट्ट गोंद पिंपात भरून छपाईवाल्यांना द्यायचा. एकदा एक कुल्फीवाला आला होता. कोणी तरी त्याला सांगितलं होतं की गवारीच्या गोंदाने कुल्फी घट्ट होते. ते खरंही आहे. पण आमच्या गोंदात तो कुजू नये म्हणून औषध घातलेलं असायचं. मी त्याला सांगितलं, हा खाऊन पोरं मेली तर तू माझं नाव सांगशील. तो म्हणाला, "थोडाच घालीन ना मावशी." त्याला झाडू दाखवून घालवला.

पाण्यात पीठ मुरवायचं, त्यात काय अवघड, असं ऐकणाऱ्याला वाटतं. पिठलं करणाऱ्या बाईला वाटणार नाही. पीठ एकदम ओतलं की गाठ होते. गाठीला बाहेरून पाणी लागतं, तिच्यावर बुळबुळीत साल धरते आणि त्या सालीतून पाणी आत जात नाही. दुसऱ्या दिवशी अशी गाठ कापलीत तर आत कोरडं पीठ निघतं. ती गाठ छपाईच्या जाळीत अडकली की तिथून रंग उतरत नाही. मग शंभर साड्यांवर एकाच जागी पांढरा ठिपका.

पीठ मुरलं तरी दुसरं दुखणं राहतं. पाणी ढवळलं तर सगळं पाणी फिरतं. गोंदाचं तसं नाही. पातं जिथं फिरतं तिथं तो ढिला पडतो, पातळ होतो, पळतो. भिंतीशी तो तसाच बसलेला असतो, मळलेल्या कणकेसारखा. मोटार जोरात सोडली तर मध्ये पातळ गोंदाची विहीर होते, ती जोरात फिरते, भिंतीला काही कळतही नाही. आणि त्या भिंतीशी युरियाचा दाणा पडला तर तो विरघळत नाही. साखरेचा खडा चहात न ढवळता ठेवून बघा. खड्याभोवतीचा चहा गोड होतो आणि मग खडा आपल्याच गोडव्यात बसून राहतो. त्याच्या अंगावरून नवा चहा गेला पाहिजे, तर तो झिजणार. गोंदात तर तो गोडवासुद्धा जागचा हलत नाही.

म्हणून माझी रीत अशी होती. गवारीचं पीठ आणि युरिया आधी कोरडेच एकत्र चोळायचे. युरियाचे दाणे मध्ये आले की पिठाचे कण एकमेकांना चिकटत नाहीत. मग ते मिश्रण चाळणीतून, पातं फिरतं तिथंच, भुरभुरवायचं. दुसऱ्या माणसाने वल्ह्याने भिंत खरवडून तिथला गोंद मध्ये लोटत राहायचं. वल्हं म्हणजे लाकडी लांब पळीच, पण रघुनाथ त्याला वल्हं म्हणायचा म्हणून सगळे म्हणायला लागले. अर्धा दिवस जायचा. गाठ एक नसायची.

त्या वर्षी कांतीभाई शेठनी इंजिनियर ठेवला. पेंडसेसाहेब, मुलुंडहून यायचे, चोविसाव्या वर्षी मोठ्या कॉलेजातून बाहेर पडलेले. माणूस वाईट नव्हता. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातातली चाळणी बघून हसले. म्हणाले, "मावशी, हे काय पिठलं आहे का?" माझ्या मागे पिंपं धुणाऱ्या दोघी बायका हसल्या. मी नाही हसले.

मग त्यांनी दुप्पट जोराची मोटार बसवून घेतली. शेठना सांगितलं, बॅच तासाभरात होईल, वेगाने गाठी आपोआप फुटतील. शेठ खूश. त्या दिवशी सकाळी साहेबांनी पाणी भरून मोटार चालू केली आणि पोती सरळ हौदात रिकामी करायला सांगितली, आधी पीठ, वरून युरिया. रघुनाथने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

इथं खरं सांगायला हवं. काय होणार ते मला माहीत होतं. पीठ भिंतीशी आणि तळाला कणकेसारखं बसणार, पात्यांना धरणार आणि मोटार रडणार. एक शब्द बोलले असते तरी रघुनाथने पोतं खाली ठेवलं असतं. मी बोलले नाही. बघू दे साहेबाला पिठलं कसं होतं ते, असं मनात म्हणाले आणि पत्र्याच्या खुर्चीवर बसून राहिले.

मोटार दहा मिनिटं घुमली, मग कण्हायला लागली, मग फ्यूज उडाला. साहेबांचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं. मी वायरमनला हाक मारून म्हटलं, "जा रे, फ्यूज बदलून ये." तोवर भिंतीचा गोळा फोडावा म्हणून साहेबांनी रघुनाथला वल्हं घ्यायला सांगितलं. आमचा हौद जमिनीत बांधलेला, पुरुषभर खोल, वर दोन फळ्या आडव्या टाकलेल्या. रघुनाथ रोज त्या फळ्यांवर उभा राहायचा. मोटार चालू असली की आम्ही सगळे जपून असायचो. बंद पडली की धोका गेला असं समजायचो. खटका कोणी बघितलाच नाही, मीसुद्धा नाही. फळी गोंदाने माखलेली होती. वल्हं गोळ्यात रुतलं, रघुनाथने ओढलं, आणि वल्ह्यासकट तो आत गेला.

तर मी खटका धरून उभी होते. हौद तिथून आठदहा पावलं. सोडून जाता येईना. चारजण रघुनाथचे हात धरून जोर लावत होते.

"अगो शेवंताबाय," तो हौदातून ओरडला, "खटको पाडलंस?"

"पाडलाय. हात आहे माझा त्याच्यावर."

"मगे ह्यांका सांग, माझे हात सोडा म्हणान. हात तुमच्याकडे येतले आणि मी हयच रवतलंय."

"सोडा रे त्याला!" मी ओरडले. "त्याचा खांदा उपटाल. फळी घाला त्याच्या काखेखाली. आडवी घाला."

त्यांनी दुसरी फळी सरकवली. रघुनाथने दोन्ही हात तिच्यावर टाकले. आता तो आणखी खाली जाणार नव्हता, पण वरही येत नव्हता. उजवा पाय तळाच्या पिठात घोट्याच्या वर रुतला होता. ते पीठ अजून भिजत होतं, आणि भिजताना फुगतं. जितका वेळ जाणार तितकं ते घट्ट धरणार. छातीवर गोंदाचा दाब होता. त्याला श्वास तोडून तोडून घ्यावा लागत होता. गप्पिष्ट माणूस दोन शब्दांवर आला होता.

"पाणी घाला," मी म्हटलं.

पेंडसेसाहेब काठावर उभे होते. चेहरा पांढराफटक, पण डोकं चालत होतं. म्हणाले, "मावशी, वरून पाणी घालून काय होणार? गोंदात मिसळायला तास जाईल."

"वरून कोण सांगतंय? नळी त्याच्या पायापर्यंत घाला. पायाला धरून खाली सोडा. पाणी पिठाच्या बुडाशी गेलं पाहिजे."

साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग घड्याळ काढलं, शर्टाच्या बाह्या वर करायलाही थांबले नाहीत, पोटावर आडवे झाले आणि नळी घेऊन खांद्यापर्यंत हात गोंदात घातला. गाल हौदाच्या काठाला टेकलेला. "रघुनाथ, तुमची मांडी लागली. गुडघा लागला. आता नळी तुम्ही धरा, खाली ढकला."

"ढकलतंय."

"नळ सोडा रे!"

टाकीचं पाणी नळीतून गेलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग रघुनाथच्या छातीपाशी एक बुडबुडा आला, मोठा, आंबोळीवर येतो तसा.

"आता पाय चालव," मी ओरडले. "वर ओढू नको. जागच्या जागी सायकल मार. बारीक बारीक. गोंद हलवलास की ढिला होईल."

"म्हस बसता तसो बसलंय, आणि ही सायकल मार म्हणता," रघुनाथ म्हणाला. तो चिडला हे बघून मला बरं वाटलं. चिडायला श्वास लागतो.

तेवढ्यात भिंतीवरच्या बोर्डातला लाल दिवा लागला. माझ्या डोळ्यांसमोर, वीतभर अंतरावर. फ्यूज बसला होता, वीज आली होती. सगळ्यांनी तो दिवा बघितला, साहेबांनीही, आडव्या मानेने. खटका वर असता तर त्या क्षणी काय झालं असतं ते सांगायची गरज नव्हती. साहेबांचा हातही आतच होता.

मागून वायरमन पँटला हात पुसत आला. "बसवला फ्यूज, मावशी. चालू करून बघू?" आणि खरंच त्याने सवयीने हात पुढे केला.

"हात लाव," मी म्हटलं, "मनगट चावून तोडते."

त्याने हौदाकडे बघितलं आणि हात पाठीमागे घेतला.

रघुनाथ पाय चालवत होता. आधी नुसतं कंबर हलल्यासारखं दिसत होतं. मग त्याच्याभोवतीचा गोंद थरथरायला लागला, मग त्याच्या अंगाशी पातळ रेघ दिसली, पाण्याची. "सुटलो," तो म्हणाला. मग मोठ्याने, "पाय सुटलो रे! आता ओढा!"

आता मात्र चौघांनी ओढलं आणि तो फळीवरून सरळ लादीवर आला, बाळंतिणीच्या पोरासारखा बुळबुळीत. पँट आली नाही. पँट आणि एक चप्पल गोंदाने ठेवून घेतली. मागच्या दोघी बायकांनी आधी पदर तोंडाला लावला, मग त्या अशा हसल्या की शेठ ऑफिसातून बाहेर आले. कांतीभाईंनी नागडा रघुनाथ बघितला, गोंदाने माखलेला इंजिनियर बघितला, खटका धरून उभ्या असलेल्या मला बघितलं. "शेवंताबेन," ते म्हणाले, "बॅच कैसा हुआ?"

"फर्स्ट क्लास," मी म्हटलं. "माणूस निकला."

रघुनाथला पोत्यात गुंडाळून चहा दिला. मी शेजारी बसले. पोट भरून श्वास घेऊन झाल्यावर त्याने हळूच विचारलं, "तुका म्हायत होतां मां, पीठ असां बसतला म्हणान?"

"होतं."

"मगे बोललंस कित्याक नाय?"

साहेब हसले म्हणून, हे काय उत्तर झालं? रघुनाथने पुन्हा विचारलं नाही. त्याने कप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "आजून घाल." मी माझ्या वाटचाही त्यात ओतला.

काम मात्र संपलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी माल जायचा होता, आणि तोही अशा माणसाकडे की ज्याला फसवता येत नाही. चारकोपच्या छपाई कारखान्याचा मास्तर. हा पिंपात मधलं बोट घालून वर उचलायचा आणि बोटावरून गोंद कसा पडतो ते बघायचा. धार तुटली तर माल परत. धार सलग आली तर डोळे मिटून धारेवरून अंगठा फिरवायचा, गाठ लागते का बघायला. आमची किती तरी पिंपं त्याने त्या अंगठ्याने परत पाठवली होती. पण माझ्या हातचं एकही नाही, हेही सांगते.

दुसऱ्या दिवशी हौद खरवडून धुतला. पेंडसेसाहेब वेळेआधी आले, हातात वही. म्हणाले, "मावशी, तुम्ही करा. मी बघतो. आणि मध्ये विचारत राहीन, चालेल?"

"विचारा. पण हसायचं नाही."

"नाही हसणार."

सगळा दिवस त्यांनी विचारलं. पीठ युरियात आधी का? चाळणी मध्येच का, कडेला का नाही? भिंत किती वेळाने खरवडायची? मी सांगत गेले, ते लिहीत गेले. मग त्यांनी वहीत हौद काढून मला दाखवला, मध्ये गोल, गोलाच्या आत बाण, बाहेर काहीच नाही. म्हणाले, हे पुस्तकात आहे मावशी. घट्ट द्रवात पात्याभोवती एक पोकळीसारखी जागा फिरते आणि बाकीचा द्रव उभा राहतो. दाण्यावरून द्रव वाहत नसेल तर दाणा विरघळत नाही. मी हे शिकलोय. परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत.

"मग पोती का ओतलीत?"

त्यांनी वही मिटली. "पुस्तकातला हौद एवढा मोठा नव्हता," म्हणाले. मग दोघंही हसलो. त्यात मला काही वाईट वाटलं नाही.

रघुनाथ त्या दिवशीही फळीवर उभा राहिला. मी नको म्हटलं होतं. तो म्हणाला, आज नाय चढलंय तर परत कधी चढूचंय नाय. पण चढण्याआधी तो मीटरच्या खोलीत गेला, फ्यूज स्वतःच्या हाताने काढला आणि शर्टाच्या खिशात घातला. भिंत खरवडून खाली उतरला, मग फ्यूज परत बसवून मोटार चालू. पुन्हा खरवडायचं झालं की पुन्हा तेच. दिवसभरात किती फेऱ्या झाल्या मोजल्या नाहीत. शेठ कुरकुरले, फ्यूज सारखा काढला की सैल होतो म्हणाले. रघुनाथने खिशावर हात ठेवला आणि शेठकडे नुसतं बघितलं. त्या दिवसापासून आमच्या गाळ्यात नियमच झाला, फळीवर जो चढेल त्याच्या खिशात फ्यूज. मी चढले तर माझ्या ब्लाउजमध्ये. कोणी लिहून लावला नाही, पण कोणी मोडलाही नाही.

मास्तर तिसऱ्या दिवशी स्वतःच आला. काही तरी ऐकलं असावं त्याने. पिंप उघडलं, बोट घातलं, उचललं. धार खालपर्यंत आली, केसासारखी बारीक झाली, तरी तुटली नाही. डोळे मिटून अंगठा फिरवला. मी श्वास धरला नव्हता, माझा माल मला माहीत होता. साहेबांनी मात्र धरला होता. मास्तर म्हणाला, "ये किसने बनाया?"

साहेब पुढे झाले. "मावशीने. मी हाताखाली होतो."

"तो इसको ही बनाने दो ना यार," मास्तर म्हणाला आणि सगळीच्या सगळी पिंपं टेम्पोत चढवली. वरून पुढच्या महिन्याचीही ऑर्डर देऊन गेला. शेठनी सगळ्यांना जिलबी आणली. रघुनाथला नवी पँट आणली, ती कमरेत दोन इंच मोठी होती. त्याने ती सुतळी बांधून घातली आणि दिवसभर मिरवली.

मोठी मोटार साहेबांनीच काढून टाकली. त्याऐवजी हळू फिरणारी ढवळणी बनवून घेतली. तिचे हात पार भिंतीपर्यंत जायचे आणि टोकाला लाकडाच्या पट्ट्या होत्या. भिंत ती आपणच खरवडायची. आकार त्यांचा, पट्टी भिंतीपासून किती लांब ठेवायची ते माझं. पहिल्यांदा फार जवळ ठेवली, लाकूड झिजून गोंदात भुसा आला. दुसऱ्यांदा बरोबर लागली. अर्ध्या दिवसाचं काम दोन तासांवर आलं, आणि गाठ एक नाही. हौदावर लोखंडी जाळी बसली. मग फळीवर कोणी चढायची गरजच उरली नाही. आजूबाजूच्या गाळ्यांतली माणसं ती ढवळणी बघायला यायची. साहेब त्यांना दाखवायचे आणि मला बोलवायचे. मी जायचे, पण दोन मिनिटंच. बॅच लागलेली असायची.

रघुनाथ आता सत्तरीच्या पुढे आहे, मालवणजवळ गावी असतो. उजवा पाय थंडीत दुखतो म्हणतो. पेंडसेसाहेबांनाही नातू झाला. कांतीभाई गेले, ते पुष्कळ वर्षांनी, घाटकोपरला आपल्या घरी, म्हातारपणाने. त्या दिवशी हौदात पडलेला माणूस जगला. ज्याने पोती ओतायला सांगितली तो जगला. जी बोलली नाही ती मीही आहे.